नकार आणि स्वीकार : ड्यू बॉइस यांच्या एका लेखाची चिकित्सा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २० ऑक्टोबर १९५६ या तारखेच्या अंकात, ‘द नेशन’ या अमेरिकन साप्ताहिकाने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा एक लेख प्रसिद्ध केला. तोंडावर आलेल्या अध्यक्षीय निवडणुकीत आपण मतदान का करणार नाही, हे त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या कृष्णवर्णीय विचारवंताने या लेखात सांगितले होते. एकाच आठवड्यातील या दोन गोष्टींमध्ये कार्यकारणसंबंध शोधणे चुकीचे ठरेल. तथापि दोहोंमागे एक समान प्रश्न उभा आहे. ज्या व्यवस्थेत आपला माणूस म्हणून विचार होत नाही, तिने पुढे केलेल्या दोन वाईटांपैकी कमी वाईट निवडत राहावे, की त्या निवडीलाच नकार द्यावा? दोघांनीही नकार दिला. परंतु दोन्ही नकारांची प्रकृती सारखी नव्हती. हा फरक तपासणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परदेशातील जुना लेख आज चिकित्सेस घेण्याचे कारण आमच्या वस्त्यांतच आहे. निवडणूक जाहीर झाली की तेथे दोन आवाज ऐकू येतात. पहिला आवाज म्हणतो, आमच्या आघाडीला मत द्या. नाही दिले तर दुसरी आघाडी येईल आणि त्याचे पाप तुमच्या माथी बसेल. दुसरा आवाज म्हणतो, सगळे एका माळेचे मणी आहेत, घरी बसा. पहिला आवाज धाकाचा आहे आणि दुसरा वैतागाचा. ड्यू बॉइस यांच्या लेखात या दोन्ही आवाजांचा सामना आहे, आणि तो करणारा माणूस साधा नाही. म्हणूनच त्यांचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे आणि आदर राखूनच तपासलेही पाहिजे.

लेखाचा आशय

लेखाची मांडणी एखाद्या हिशेबनीसाच्या वहीसारखी आहे. १८८९ साली ड्यू बॉइस मतदानाच्या वयाचे झाले. त्यांचे प्रौढ आयुष्यातील तेवीस वर्षांचे वास्तव्य व अध्यापन दक्षिणेत झाले. तेथे कायद्याने किंवा कारभाराच्या क्लृप्तीने कृष्णवर्णीयांचे मत हिरावलेले होते. उत्तरेत बत्तीस वर्षे काढली, तेव्हा आठ अध्यक्षीय निवडणुका वाट्याला आल्या. या आठ निवडणुकांचा जमाखर्च ते एकेका ओळीत मांडतात.

१९१२ साली त्यांना थिओडोर रूझवेल्ट यांना साथ द्यावीशी वाटत होती. परंतु त्यांच्या नव्या पक्षाने कृष्णवर्णीयांचा प्रश्न टाळला, म्हणून ड्यू बॉइस यांनी वुड्रो विल्सन यांना साहाय्य केले. विल्सन यांच्या कारकिर्दीतच केंद्रीय कचेऱ्यांत वर्णभेद पक्का झाला. १९१६ साली ह्यूज यांना कमी वाईट म्हणून स्वीकारले. त्यांनी काही वचन दिले नव्हते, आणि काही केलेही नसते. १९२० साली हैतीच्या मुक्ततेच्या आश्वासनावरून हार्डिंग यांना, १९२४ साली पराभव ठाऊक असूनही ला फॉलेट यांना, १९२८ साली दोन्ही मोठ्या उमेदवारांनी अवमान केल्यामुळे समाजवादी नॉर्मन थॉमस यांना, तर १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांना त्यांनी पसंती दिली. १९४८ साली प्रोग्रेसिव्ह पक्षाचे हेन्री वॉलेस आणि १९५२ साली त्याच पक्षाचे व्हिन्सेंट हॅलिनन हे त्यांचे उमेदवार होते.

या जमाखर्चाच्या अखेरीस ते निष्कर्षाला येतात. आता दोन वाईटांमधील निवडही उरलेली नाही; वाईट पक्ष एकच आहे, त्याला दोन नावे आहेत. युद्धसज्जतेबाबत दोघांत फरक नाही. शाळांतील वर्णभेद संपवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ साली आला, पण रिपब्लिकन पक्षाने तो अमलात आणण्यासाठी काय केले? आणि ज्या डेमोक्रॅटिक पक्षात टॅलमेज, ईस्टलंड, एलेंडर यांच्यासारखे वर्णभेदाचे कट्टर कैवारी बसले आहेत, तो पक्ष याहून बरे काय करणार? तिसरा पक्ष काढावा तर सरकार उलथवण्याचा आरोप येतो. सरकारी घरे, औषधोपचार, शिक्षणाला केंद्राचे साहाय्य यांचा आग्रह धरावा तर कम्युनिस्ट ठरवले जाते आणि नोकरी, प्रतिष्ठा, प्रसंगी स्वातंत्र्यही जाते. म्हणून मतदान नाही. ही निराशा नसून चिवट आशा आहे, असे ते बजावतात. अडीच कोटी मतदार स्वेच्छेने घरी राहिले, तर हा खेळ आणखी किती काळ चालवायचा असा प्रश्न देशाला पडेल, ही ती आशा.

धाकाचे स्वरूप

हा लेख वैतागातून लिहिला आहे असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. लेखकाने जो धाक वर्णिला, तो त्यांनी भोगलेला होता. १९५० साली अमेरिकन लेबर पक्षाच्या वतीने त्यांनी न्यूयॉर्कमधून सिनेटची निवडणूक लढवली आणि दोन लाखांहून अधिक मते मिळवली. १९५१ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, परकीय सत्तेचे नोंदणी न केलेले हस्तक म्हणून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. तो न्यायालयात टिकला नाही. तरीही १९५८ पर्यंत त्यांना पारपत्र मिळाले नाही. हा राज्यसत्तेचा धाक झाला.

दुसरा धाक आपल्याच माणसांचा असतो. ज्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता आणि जिच्या ‘द क्रायसिस’ या मुखपत्राचे संपादन त्यांनी १९१० ते १९३४ या काळात केले, त्या राष्ट्रीय संघटनेने १९४८ साली त्यांना सेवेतून दूर केले. तेव्हाच्या वादात वॉलेस यांना त्यांनी दिलेला उघड पाठिंबा हे एक कारण होते. संघटनेच्या धुरीणांना अध्यक्ष ट्रूमन यांच्याशी असलेले सूत तोडायचे नव्हते. पक्षनिष्ठेबाबत स्वतः ड्यू बॉइस किती काटेकोर होते, हेही पाहण्यासारखे आहे. १९११ साली ते समाजवादी पक्षाचे सभासद झाले होते. १९१२ साली विल्सन यांना पाठिंबा द्यायचे ठरले, तेव्हा त्यांनी आधी पक्षाचा राजीनामा दिला. पक्षात राहून पक्षाला दगा देणे त्यांना मान्य नव्हते, आणि पक्षासाठी विवेक गहाण टाकणेही मान्य नव्हते.

तिसरा धाक कोणा व्यक्तीचा नाही, तो निवडणुकीच्या रचनेत आहे. एका मतदारसंघात एकच जागा आणि सर्वांत जास्त मते पडतील तो विजयी, अशी पद्धत असली की तिसऱ्याला दिलेले मत वाया गेल्यासारखे वाटते. मग मतदार आवडत्याला सोडून नावडत्याला पाडण्यासाठी मत देऊ लागतो. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ साली हे सूत्ररूपाने मांडले. १८५३ पासून अमेरिकेत डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन यांखेरीज तिसऱ्या पक्षाचा अध्यक्ष झालेला नाही. १९९२ साली रॉस पेरो यांना जवळजवळ एकोणीस टक्के मते पडली, तरी निर्वाचक मंडळातील एकही मत मिळाले नाही. २००० साली फ्लोरिडा राज्याचा निकाल ५३७ मतांनी लागला. त्या राज्यात राल्फ नेडर यांना सत्त्याण्णव हजारांवर मते होती. त्यानंतर पराभवाचा ठपका उमेदवारावर, पक्षावर किंवा मोजणीवर येण्याऐवजी पुष्कळदा नेडर यांच्या मतदारांवर ठेवण्यात आला. आमच्याकडे ‘मते खाणारा’ हा जो शब्द रूढ झाला आहे, त्याचा जन्म याच रचनेतून होतो. या शब्दात एक गृहीत दडलेले असते. ते मत मुळात आमचे होते, तुम्ही ते खाल्ले! मत मतदाराचे असते, हेच त्यात विसरले जाते.

चार अगती

या धाकाची परीक्षा करण्यासाठी बौद्ध परंपरेत एक नेमका मापदंड आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूसंघाच्या मतदानाची रीत दिली आहे. मते शलाकांनी, म्हणजे काड्यांनी, घेतली जात. या शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा? तो छंद, दोस, मोह आणि भय या चार अगतींना वश न होणारा असावा, असे तेथे सांगितले आहे. छंद म्हणजे पक्षपाती ओढ, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञानजन्य भूल आणि भय म्हणजे भीती. हीच चार नावे सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला केलेल्या उपदेशातही येतात. म्हणजे ही कसोटी केवळ चीवरधाऱ्यांसाठी नाही.

आमच्या मते आजच्या मतदारालाही ही कसोटी लावता येते. नेता आपला, म्हणून तो करील ते योग्य, हा छंद. समोरचा नको, एवढ्याच कारणाने दिलेले मत हा दोस. प्रचाराच्या गदारोळात आपले हित न ओळखता दिलेले मत हा मोह. आणि मत दिले नाही तर काय होईल या धास्तीने दिलेले मत हे भय. दोन पक्षांच्या पद्धतीचा मोठा दोष असा, की ती मतदाराला या चारही अगतींकडे एकाच वेळी ढकलते. ड्यू बॉइस यांच्या आठ निवडणुकांचा जमाखर्च या दृष्टीने वाचला, तर त्यांची थोरवी कळते. पक्षपाती ओढ त्यांच्यात जवळपास नाही. दर वेळी त्यांनी एकच प्रश्न विचारला आहे : माझ्या लोकांबद्दल या उमेदवाराची भूमिका काय? एका पक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यांनी लाज बाळगली नाही, कारण ते कोणाचेच बांधील नव्हते.

लेखाचे सामर्थ्य आणि उणीव

लेखातील एक जागा आंबेडकरी वाचकाने विशेष लक्ष देऊन वाचावी अशी आहे. १९३४ ते १९४४ या काळात ड्यू बॉइस पुन्हा दक्षिणेत, अटलांटा येथे होते. तांत्रिकदृष्ट्या त्यांना मत देता येत होते, परंतु जी निवडणूक त्यांच्यासाठी खुली होती ती निरर्थक होती. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचेच राज्य असल्यामुळे खरी निवडणूक त्या पक्षाच्या उमेदवारनिवडीत, म्हणजे प्राथमिक फेरीत होई, आणि ती फेरी गोऱ्यांपुरती राखलेली होती. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससमधील खटल्यात ही प्रथा घटनाबाह्य ठरवली.

हेच चित्र उलट करून पाहावे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्य वर्गाला प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. तेथेही निवडणूक दोन फेऱ्यांची होती. प्राथमिक फेरीत केवळ अस्पृश्य मतदार चार उमेदवार निवडणार, आणि अंतिम फेरीत संयुक्त मतदारसंघ त्यांतून एक निवडणार. अमेरिकेच्या दक्षिणेत पहिले दार बंद होते, म्हणून दुसऱ्या दाराला अर्थ नव्हता. येथे पहिले दार उघडे होते, पण दुसऱ्या दारात बहुसंख्याकांचा पहारा होता. १९४६ च्या अंतिम निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा पराभव झाला. प्राथमिक फेरीतील कौल पाहा, असे बाबासाहेब परोपरीने सांगत होते, तरी ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाने अंतिम निकालच प्रमाण मानला आणि काँग्रेस व लीग यांच्याशीच मुख्य वाटाघाट केली. देशात दोनच पक्ष आहेत, ब्रिटिश सत्ता आणि काँग्रेस, असे जवाहरलाल नेहरूंनी १९३७ साली म्हटले होते, तेव्हा जिनांनी मुसलमान हा तिसरा पक्ष असल्याचे प्रत्युत्तर दिले होते. चौथा कोणी असू शकतो, हे या वादात कोणाच्या ध्यानी नव्हते. त्याच १९४६ च्या जुलैमध्ये पुण्यात फेडरेशनचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले आणि भारतातील अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली. दोघे एकाच कोंडीत सापडले होते आणि दोघांनाही एकमेकांची कोंडी कळत होती.

येथवर लेखाचे सामर्थ्य आहे. त्याची उणीव निष्कर्षात आहे. मत न देणे ही कृती बोलत नाही. मतपेटीत न पडलेल्या मतावर कारण लिहिलेले नसते. कोणी निषेधाने घरी राहिला, कोणी आळसाने, कोणाला मालकाने सुट्टी दिली नाही, कोणाला नोंदणीच करू दिली नाही. मोजणीत हे सारे सारखेच. १९५६ साली आयझेनहॉवर प्रचंड बहुमताने निवडून आले. घरी राहिलेल्या कोट्यवधी मतदारांपैकी किती जणांचा तो निषेध होता, हे कोणालाही सांगता आले नाही. शिवाय ज्या दक्षिणेत बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतच देऊ दिले जात नव्हते, तेथे त्यांच्या गैरहजेरीने कोणाचे काय अडणार होते? ती गैरहजेरी तर सत्ताधाऱ्यांना हवीच होती. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय मतयंत्रावर आला. त्यामुळे नकाराची निदान नोंद होते. पण लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत त्याने निकाल बदलत नाही.

मग नकार व्यर्थच असतो काय? नाही. याचे उत्तर महावग्गातील कोसंबीच्या प्रकरणात आहे. कोसंबी येथे भिक्खूंचे दोन तट पडले. भगवंतांनी समजावले, तेव्हा आम्ही आमचे पाहून घेऊ, असे त्यांना सांगण्यापर्यंत त्या भिक्खूंची मजल गेली. भगवंत तेथून निघून गेले. तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी एकत्र येऊन ठरवले, की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, त्यांच्यासाठी उठायचे नाही, त्यांना भिक्षा घालायची नाही. भिक्खू ताळ्यावर आले आणि वाद मिटवण्यासाठी श्रावस्तीस गेले. हा नकार फळाला आला, याची तीन कारणे आम्हांस दिसतात. उपासकांनी तो एकट्या-दुकट्याने दिला नाही, सर्वांनी मिळून दिला. दोन्ही तट त्यांच्या भिक्षेवर अवलंबून होते. आणि नकार कशासाठी आहे व तो केव्हा संपेल, हे स्पष्ट होते.

ड्यू बॉइस लेख लिहीत होते त्याच महिन्यांत अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात अशा नकाराचे आधुनिक उदाहरण घडत होते. ५ डिसेंबर १९५५ पासून तेथील कृष्णवर्णीयांनी शहर बसवर बहिष्कार घातला होता. बसचे सुमारे तीन चतुर्थांश उतारू तेच होते. त्यांनी सभा घेतल्या, वर्गणी जमवली, पर्यायी वाहनांची सोय केली आणि न्यायालयातही लढा दिला. बहिष्कार ३८१ दिवस चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची जोड मिळून बसमधील वर्णभेद संपला. बहिष्कार त्यांनी बसवर घातला, प्रवासावर नाही. माणसे रोज कामावर पोहोचत होती. ड्यू बॉइस यांच्या नकारामागे अशी संघटना नव्हती. त्यांच्यावरचा अन्याय पाहता हा त्यांचा दोष नाही, पण त्यांच्या उपायाची ही मर्यादा आहे.

१९६४ साली मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीयांनी याहून पुढचे पाऊल टाकले. डेमोक्रॅटिक पक्षाने बाहेर ठेवलेल्या लोकांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापली आणि अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात राज्याच्या जागांवर हक्क सांगितला. मतदार नोंदणीचा प्रयत्न केला म्हणून मळ्यावरचे घर गमावलेल्या फॅनी लू हेमर यांनी तेथे साक्ष दिली. पक्षनेत्यांनी निवडणूक हातची जाईल असा धाक घालून केवळ दोन जागा देऊ केल्या. त्यांनी त्या नाकारल्या. मौज अशी, की राज्याच्या अधिकृत गोऱ्या प्रतिनिधींपैकी बहुतेकांनी पक्षनिष्ठेची हमी देण्यास नकार देऊन अधिवेशन सोडले. निष्ठा मागितली जात होती ती वंचितांकडून. पुढच्याच वर्षी मतदान हक्क कायदा झाला आणि १९६८ च्या अधिवेशनात मिसिसिपीच्या जागांवर मिश्र प्रतिनिधिमंडळ बसले. हा मार्ग अंध निष्ठेचा नव्हता आणि घरी बसण्याचाही नव्हता. या लोकांनी प्रश्नच उलटा फिरवला : आम्ही पक्षाशी एकनिष्ठ आहोत काय, हे विचारण्याआधी पक्ष स्वतःच्या तत्त्वाशी एकनिष्ठ आहे काय, हे सांगा.

बाबासाहेबांची भूमिका

बाबासाहेबांचे जीवन हेच या प्रश्नाचे आमच्यासाठी भाष्य आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त, त्यांनी पुण्यात डेक्कन सभेपुढे भाषण केले. पुढे ते ‘रानडे, गांधी आणि जिना’ या नावाने प्रसिद्ध झाले. गांधी आणि जिना या दोन पुरुषांच्या अहंकाराच्या स्पर्धेत देशाचे राजकारण अडकून पडले आहे आणि या वर्चस्वाने अनुयायी एकतर मूर्ख किंवा ढोंगी बनले आहेत, असा त्या भाषणाचा प्रखर आशय होता. त्यावरून काँग्रेसच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. छापील पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी या भडिमाराला उत्तर दिले आणि आपण मूर्तिपूजक नसून मूर्तिभंजक आहोत, ही भूमिका सोडली नाही.

परंतु त्याच भाषणात आणखी एक मुद्दा आहे, तो पुष्कळदा वाचला जात नाही. उदारमतवादी पक्ष का खचला, याची मीमांसा करताना बाबासाहेब म्हणतात की पक्ष हा सैन्यासारखा असतो. त्याला नेता, संघटना, शिस्त, तत्त्वे व कार्यक्रम हवा. ज्या भाषणात व्यक्तिपूजेचा धिक्कार आहे, त्यातच शिस्तीचा आग्रह आहे. यात विसंगती आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शिस्त ही सभासदांनी विचार करून ठरवलेल्या कार्यक्रमाशी असते. भक्ती ही विचार करण्याआधीच नेत्याला वाहिलेली असते. शिस्तीत प्रश्नाला जागा आहे, भक्तीत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला, तो याच विचाराचा विस्तार आहे. त्याच भाषणात त्यांनी भिक्खूसंघाच्या सभाशास्त्राचा, मतमोजणीचा आणि गुप्त मतदानाचा उल्लेख केला, हाही योगायोग नव्हे.

मताचे मोल त्यांनी कधी कमी लेखले नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे त्यांनी मताधिकाराचा आग्रह धरला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात एक मत कुजवण्याचा प्रचार झाला आणि ते पराभूत झाले. तेव्हा अशोक मेहता यांच्यासह त्यांनी त्याविरुद्ध रीतसर तक्रार-अर्ज केला. कुजवलेल्या मतासाठी भांडणारा हा पुरुष मत न देण्याचा उपदेश करणे शक्य नव्हते. त्याच वर्षी २२ डिसेंबरला पुण्यात त्यांनी लोकशाहीच्या यशासाठी आवश्यक गोष्टी सांगितल्या. त्यांत विरोधी पक्षाचे अस्तित्व आहे, तसेच बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम न करणे आणि सार्वजनिक सदसद्विवेकही आहे. दोन पक्ष असले की लोकशाही आली, असे त्यांनी मानले नाही.

आणि मग १९५६. बाबासाहेबांनी जुना धर्म नाकारला, पण ते नकारापाशी थांबले नाहीत. बावीस प्रतिज्ञांत त्यागाच्या प्रतिज्ञा आहेत आणि स्वीकाराच्याही आहेत. राजकारणातही त्यांनी फेडरेशनच्या जागी सर्व वंचितांना खुला असा रिपब्लिकन पक्ष कल्पिला. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी तो स्थापन झाला. ड्यू बॉइस यांचा नकार दाराबाहेर येऊन थांबला. बाबासाहेबांचा नकार नव्या घराच्या उंबरठ्यावर पोहोचला. दोन नकारांतील फरक तो हाच.

आमचा प्रश्न

ही चिकित्सा आमच्यावरही लागू केल्यावाचून पुरी होणार नाही. १९९८ साली रिपब्लिकन गट एकत्र आले आणि काँग्रेसशी समझोता करून त्यांचे चार उमेदवार महाराष्ट्रातून, खुल्या मतदारसंघांतून, लोकसभेवर गेले. पुढच्या वर्षी निवडणूक आली तेव्हा ती एकजूट उरली नव्हती. एकवटलेल्या मताला किंमत येते आणि विखुरलेल्या मताला धाक घातला जातो, हा त्याचा धडा आहे. परंतु एकजूट म्हणजे मौन नव्हे. आमच्या संघटनांतही नेत्याला प्रश्न विचारणाऱ्याला गद्दार म्हटले जाते, दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याला विकला गेलेला म्हटले जाते. मोठे पक्ष आम्हांला धाक घालतात, याची तक्रार करणाऱ्यांनी आपल्या बैठकीतील धाकाकडे डोळेझाक करू नये. छंद, दोस, मोह आणि भय या अगतींना निळा, भगवा किंवा तिरंगी असा रंग नसतो.

कोणत्या पक्षाला मत द्यावे, हे सांगणे या नियतकालिकाचे काम नाही आणि ते आम्ही करणारही नाही. कोसंबीच्या वादात कोणाची बाजू घ्यावी, असे श्रावस्तीच्या उपासकांनी विचारले, तेव्हा भगवंतांनी एका तटाचे नाव घेतले नाही. दोघांना दान द्या, दोघांचे ऐका, आणि जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत ग्राह्य माना, असे सांगितले. आमच्या वस्तीत जो उमेदवार मत मागायला येईल, त्याला त्याच्या पक्षाने शिष्यवृत्ती, जमीन, अत्याचाराचे खटले आणि सफाई कामगारांचे मृत्यू यांबाबत सभागृहात काय केले, हे विचारले पाहिजे. त्याचे उत्तर लिहून ठेवले पाहिजे आणि पाच वर्षांनी ते त्याच्यापुढे वाचून दाखवले पाहिजे. विहारातील रविवारची बैठक हे काम करू शकते. मत द्यायचे असो वा नाकारायचे असो, ते बैठकीत विचार करून, कारण सांगून आणि मिळून केले, तर त्याला वाचा फुटते. ड्यू बॉइस यांना असा समूह पाठीशी मिळाला नाही. आमच्यापाशी तो आहे. त्याचा उपयोग करायचा की नाही, हे आमच्या हाती आहे.